मढव्यांकडची पाहणी

दौलतशेठ मढवींनी बुधवारी सकाळी दोन जोड कपडे इस्त्री करून पलंगावर मांडले. एका बाजूला पांढरा लेंगा, सदरा आणि टोपी. दुसऱ्या बाजूला काळी पँट, निळ्या रेघांचा शर्ट आणि चकचकीत बकलाचा पट्टा. सकाळी अकराला त्यांना शेतकरी व्हायचं होतं आणि दुपारी चारला शेतकरी नसायचं होतं.

"जेवण कोणाला घालायचं?" विमलाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"अकरावाल्यांना. चारवाल्यांना नुसता चहा. जास्त लाड केले तर संशय येतो."

"आणि दोघं एकदम आले तर?"

"अगं, एक मुरबाडवरनं येणार, एक कल्याणच्या कचेरीतनं. एकदम कसे येतील?"

विमलाबाईंनी पापलेटला आणखी थोडी हळद चोळली.

या सगळ्याच्या मुळाशी होता दौलतशेठांचा चुलतभाऊ रघू. रघूचं ठाकुर्ली स्टेशनजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. पहिल्या लॉकडाउनमध्ये सरकारने शेतकऱ्यांसाठी दिलासा योजना काढली, तेव्हा सगळी दुकानं बंद, रघूला काही काम नाही. त्याने घरी बसल्या बसल्या गावातल्या झाडून सगळ्यांचे अर्ज भरून टाकले. ज्याचं नाव सातबारावर, तो शेतकरी. दौलतशेठांच्या वडिलोपार्जित जमिनीवर सात मजली इमारत उभी राहून पंधरा वर्षं झाली होती, आणि शेत बुजवून बांधलेल्या त्या इमारतीला बिल्डरने 'हिरवळ हाइट्स' असं नाव दिलं होतं. पण कंपाउंडची भिंत आणि नाला यांच्यामध्ये तीन गुंठ्यांची एक पट्टी उरली होती. तिच्या सातबारावर दौलतशेठांचं नाव होतं. रघूला तेवढं पुष्कळ होतं.

एके दिवशी दौलतशेठांच्या मोबाइलवर दोन हजार रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. दौलतशेठांना पैशांची ददात नव्हती. चार दुकानगाळ्यांचं भाडं यायचं. पण न मागता सरकारने आपल्याला काहीतरी दिलं, याचंच त्यांना भरून आलं. त्यांनी लगेच व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं: 'अभिमान आहे शेतकरी असल्याचा.' खाली एका बैलजोडीचा फोटो. बैल कोणाचे होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ते स्टेटस फिरत फिरत मुरबाडकडे गेलं. दीड वर्षाने रघूच स्थळ घेऊन आला. मुलगा सुदेश, सहा एकर शेती, माणसं सज्जन. अट एकच, मुलीचं घर शेतकऱ्याचं हवं. रघूने त्यांना सांगून टाकलं, "आमचा दौलत म्हणजे अस्सल शेतकरी. सरकार त्याला पैसे देतं!"

दौलतशेठ रघूवर चिडलेच होते. पण सुदेश आणि दौलतशेठांची मुलगी कल्पिता दोनदा भेटले, आणि त्यानंतर कल्पिता घरात गुणगुणायला लागली. घोडबंदर रोडला एका लॅबमध्ये कामाला जाणारी ही मुलगी रोज तिथल्या ट्रॅफिकला शिव्या घालत घरी यायची. ती गाणं म्हणत घरी येतेय म्हटल्यावर दौलतशेठांची जीभ उचलेना. "थोडीफार शेती आहे," एवढंच ते फोनवर म्हणाले. मुरबाडकर म्हणाले, "आमचे गोविंदामामा बुधवारी अकराला येऊन बघून जातील."

आणि नेमक्या त्याच आठवड्यात गावाच्या ग्रुपवर दुसरा मेसेज आला. जे शेती कसत नाहीत आणि तरी ज्यांनी दिलाशाचे पैसे घेतले, त्यांच्याकडून वसुली होणार. दंड होणार. रघूने त्याखाली लिहिलं, 'घाबरू नका,' आणि स्वतःचा फोन बंद करून ठेवला.

दौलतशेठ दोन हजारांच्या नोटा घेऊन कचेरीत धावले.

"साहेब, हे परत घ्या. मी शेतकरी नाय."

"असं कसं परत घेणार?" कारकुनाने मास्कच्या आडून विचारलं. "तुम्ही शेतकरी नाही हे कोण म्हणतं?"

"मीच बोलतोय ना!"

"तुमच्या बोलण्यावर कसं चालेल? पाहणी व्हायला हवी. बुधवारी चारला साहेब येतील. त्यांना दाखवा की शेती नाही."

तर असा हा बुधवार. मुरबाडकरांना शेती दाखवायची, आणि सरकारला तीच शेती नाही असं दाखवायचं. शेती दाखवणं त्यातल्या त्यात सोपं होतं, कारण त्या तीन गुंठ्यांत खरोखरच हिरवंगार पीक उभं होतं. लॉकडाउनमध्ये सोसायटीचा वॉचमन दगडू याने तिथे मेथी, कोथिंबीर आणि वांगी लावली होती. दगडू जालन्याकडचा, मोकळी जमीन दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. दौलतशेठांनी त्याला विश्वासात घेतलं.

"सकाळी कोणी विचारलं तर सांगायचं, शेत मालकांचं हाय, मालकच कसतात. आणि दुपारी सगळ्यावर ती निळी ताडपत्री टाकायची."

"टाकतो ना शेठ. पण वांग्याचे शेंडे मोडतील."

"मोडू दे. माझी मान मोडायच्या आधी वांगी मोडलेली बरी."

सव्वाअकराला बेल वाजली. दारात पन्नाशीचे एक गृहस्थ उभे. खांद्याला बॅग, तोंडावर मोठा मास्क, कपाळावर घाम.

"मढवी तुम्हीच ना? पाहायला आलोय."

"या या या! तुमचीच वाट बघत होतो!" दौलतशेठांनी टोपी सारखी केली. "आत या, बसा. विमल, सरबत आण!"

पाहुणे जरा गोंधळले. "माझी वाट बघत होता? कमाल आहे. सकाळपासून तीन घरं केली, एकानेही दार उघडलं नाही."

विमलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तीन घरं! म्हणजे हे लोक एकाच दिवशी चार-चार मुली बघतात की काय? पण दौलतशेठांनी डोळ्यांनीच खुणावलं, गप्प राहा.

"मुलगी कामावर गेलीय," ते म्हणाले. "चारपर्यंत येईल. तोवर थांबाल ना?"

"छे, घरच्यांना बघायची काही गरज नाही. जमीन दाखवा, म्हणजे माझं काम झालं."

"बरं बरं," दौलतशेठ म्हणाले. पण मनात त्यांना ते लागलं. आपली एवढी सोन्यासारखी मुलगी, आणि हा बाबा म्हणतो बघायची गरज नाही. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. जमीन बघून घर ओळखणारी माणसं असतील. मातीतली माणसं.

खाली गेल्यावर दगडूने आपली भूमिका चोख बजावली. खरं तर जरा जास्तच. "मालक पहाटंच येत्यात," तो म्हणाला. "मला फावड्याला हात लावू देत न्हाईत. मी म्हंतो मालक, वय झालं आता, तर माझ्यावरच चिडत्यात."

पाहुण्यांनी मेथीची पानं चुरगळून वास घेतला. वांगी उलटसुलट करून पाहिली. "वा! या इमारतींच्या गर्दीत तुम्ही हे टिकवलंय म्हणजे खरंच कौतुक आहे. जरा शेतात उभे राहता? फोटो लागतो."

"फोटो?"

"पुरावा नको का? वर दाखवावा लागतो. हां, थोडे वाका. हातात काहीतरी घ्या."

दौलतशेठांनी हाताला लागलं ते वांगं तोडलं आणि वाकून उभे राहिले. मुरबाडकर भलतेच चौकस दिसतात, असं त्यांच्या मनात आलं. वरच्या मजल्यावरच्या गॅलऱ्यांमधून चारदोन माणसं वाकून बघायला लागली. दौलतशेठांना टोपी घालून वांगं धरलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

वर आल्यावर पानं मांडलेली होती. तांदळाच्या भाकऱ्या, पापलेटचं कालवण, तळलेल्या तुकड्या.

"अहो नाही, आम्हाला असं चालत नाही," पाहुणे दोन पावलं मागे सरले.

"मच्छी चालत नाय?" विमलाबाई घाबरल्या.

"मच्छी चालते हो. पण असं कुणाच्या घरी जेवणं बरं दिसत नाही."

"आता कसला परकेपणा?" दौलतशेठांनी त्यांना खांद्याला धरून पाटावर बसवलं. "जेवल्याशिवाय या घरातनं कोणी जात नाय."

पाहुण्यांनी मास्क काढला, कालवणाचा वास घेतला आणि सगळा विरोध सोडून दिला. तिसऱ्या भाकरीला त्यांनी कबूल केलं की सकाळपासून पोटात फक्त चहा होता. निघताना विमलाबाईंनी एका ताटात नारळ आणि साडी आणून पुढे केली. पाहुणे असे दचकले की त्यांची बॅग खाली पडली.

"हे काय! नाही नाही नाही! यातलं काही घेणार नाही मी. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

"अहो, नुसता नारळ तरी."

"नारळसुद्धा नको! तुमचं सगळं चोख आहे, मी तसंच सांगणार. बाकी निर्णय वरून कळेल." आणि ते जवळजवळ पळतच लिफ्टमध्ये शिरले.

दार लावून दौलतशेठ सोफ्यावर टेकले. "बघितलंस? नारळ घेत नाय माणूस! हुंड्याचं तर नावच नको. कल्पिताने नशीब काढलं."

"पण निर्णय वरून कळेल म्हणजे?"

"मुलाची आजी असेल. मोठं घर आहे, वरच्या मजल्यावर बसून हुकूम सोडत असेल."

दुपारी दौलतशेठांनी तासभर झोप काढली. आता उरलं होतं ते सोपं काम, खरं बोलायचं. त्यांनी पँट-शर्ट चढवला, पट्टा आवळला, केसांना तेल लावून भांग पाडला. दगडूने ताडपत्री टाकली. चार वाजता बेल वाजली, आणि दारात एक उंच, काळेसावळे गृहस्थ उभे. मास्क, हातात पिशवी.

"मढवी ना? कल्याणला गाडी लवकर मिळाली नाही, म्हणून..."

'कल्याण' हा शब्द ऐकताच दौलतशेठांनी हात जोडले.

"साहेब, बसा. आणि मी बोलतो ते आधी ऐकून घ्या. आम्ही शेतकरी नाय."

पाहुणे खुर्चीत बसता बसता अर्ध्यातच थांबले. "नाही?"

"नाय. तुम्हाला जे कोणी सांगितलं ते सगळं खोटं. मी एक काडी पेरलेली नाय आयुष्यात. भात कुठल्या महिन्यात लावतात तेपण मला विचारू नका. आधी विटा-रेतीचा धंदा, आता भाड्यावर बसून खातो. खाली ती ताडपत्री हाय ना, तिच्याखाली जे काय हाय ते वॉचमनचं हाय."

"पण मग रघू म्हणाला..."

"रघूच मुळावर आलाय आमच्या! त्यानेच फसवणूक केली. तुम्हाला पण फसवलं, मला पण अडकवलं." दौलतशेठांनी खिशातून पाकीट काढून पाहुण्यांच्या हातात कोंबलं. "हे दोन हजार घ्या, आणि हा विषय इथेच मिटवा."

पाहुण्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग दौलतशेठांकडे. "दोन हजार देऊन... मिटवायचं?"

"कमी असतील तर दंड सांगा," विमलाबाई आतून चहा घेऊन येत म्हणाल्या. "पण आता आम्हाला मोकळं करा. रात्रीची झोप नाय दोघांना."

"अहो वहिनी, तुम्हाला नको असेल तर नुसतं फोनवर नाही म्हणायचं! आमची काय जबरदस्ती आहे का? त्यासाठी पैसे कशाला देता?" पाहुण्यांचा आवाज चढला होता, त्यात राग होता आणि दुखावलेपणही. "आणि मुलीला विचारलंत का तुम्ही?"

"मुलीला यात ओढायचं नाय!" दौलतशेठ उभे राहिले. "तिचा काय संबंध? ती बिचारी घोडबंदरला लॅबमध्ये काम करते. तिला यातलं काय माहीत नाय."

"मुलीचा संबंध नाही?" पाहुणेही उभे राहिले. "मग कोणाचं लग्न लावताय, तुमचं?"

तेवढ्यात लॅचची किल्ली फिरली आणि कल्पिता आत आली. मास्क उतरवत तिने पाहिलं, सुदेशने दाखवलेल्या फोटोतला उंच माणूस ओळखला आणि खाली वाकून नमस्कार केला. "गोविंदामामा! कधी आलात? सुदेश म्हणाला तुमची सकाळची एसटी चुकली."

दौलतशेठ हळूहळू सोफ्यावर बसले. गोविंदामामा पाकीट हातात धरून तसेच उभे होते. पहिला आवाज फुटला तो विमलाबाईंना.

"मग सकाळी पापलेट कोणी खाल्लं?"

कल्पिताने सगळं दोनदा ऐकून घेतलं. पहिल्यांदा वडिलांकडून, तेव्हा काही कळलं नाही; मग आईकडून, तेव्हा कळलं. ती कपाळाला हात लावून बसली. "पप्पा, म्हणजे सरकारला तुम्ही वांगं हातात धरून फोटो दिलात, आणि मामांना सांगितलंत की आपल्याला शेतीतलं काहीच येत नाही?"

"दुसरं तर खरंच होतं," दौलतशेठ पडेल आवाजात म्हणाले. मग त्यांनी मामांकडे वळून हात जोडले. या वेळी ते नाटक नव्हतं. "मामा, चूक माझी. थोडी शेती आहे असं मीच फोनवर बोललो. पोरगी खूश दिसली, म्हणून जीभ वळली नाय. तुम्हाला शेतकरी घर हवं होतं, आम्ही ते नाय. तुम्ही नाही म्हणालात तरी माझा राग नाय. पण तिला दोष देऊ नका."

गोविंदामामांनी पाकीट टेबलावर ठेवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. विमलाबाईंना वाटलं माणूस रडतोय. पण मास्क खाली आला तेव्हा कळलं, ते हसत होते.

"शेतकरी घर का हवं होतं ठाऊक आहे?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. "आमचा सुदेश इंजिनीअर. लॉकडाउनमध्ये कंपनी बंद पडली, तसा घरी आला आणि म्हणाला, आता शेतीच करणार. बाप नाही त्याला. सहा एकर आहे, पण पोराला काही येत नाही. गेल्या साली खत टाकलं आणि वरनं तणनाशक मारलं, तण गेलं आणि भातपण गेलं. माझी बहीण म्हणाली, दादा, शेतकरी सासरा बघ, तो शिकवील पोराला. म्हणून ही अट."

"अरे देवा," दौलतशेठ म्हणाले.

"आणि सुदेशला माहितीये," कल्पिता हळूच म्हणाली. "पहिल्या भेटीतच सांगितलं मी, पप्पांना कोथिंबीर आणि मेथी वासावरूनसुद्धा ओळखता येत नाही. तो म्हणाला, बरं झालं, घरी कोणाला सांगू नको. शिकवायला अजून एक माणूस आला असता तर मी पळून गेलो असतो."

मामा पुन्हा हसले. मग रीतसर कल्पिताला समोर बसवून त्यांनी तिला दोन प्रश्न विचारले, दोन्हीची उत्तरं न ऐकता मान डोलावली, आणि सकाळचं कालवण उरलंय का याची चौकशी केली. सकाळच्या पाहुण्यांनी न घेतलेला नारळ विमलाबाईंनी मामांच्या पिशवीत घातला. साखरपुड्याची बोलणी जेवता जेवता झाली. "बहिणीला काय सांगू?" मामांनी हात धुताना विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "सांगतो, सासरा सरकारने तपासून दिलाय."

सरकारचं काम मात्र बाकी होतं. गुरुवारी दौलतशेठ पुन्हा कचेरीत गेले. काल घरी जेवून गेलेले साहेब टेबलामागे बसले होते. दौलतशेठांनी सगळी हकिगत सांगितली तसे ते पांढरेफटक पडले.

"हळू बोला," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "बाकीची घरं बंद मिळाली म्हणून मी चारऐवजी सकाळीच तुमच्याकडे आलो, आणि तुमचा फोटो वर पाठवला. वर तो इतका आवडला की माझं अभिनंदन आलंय. आता तुम्ही शेतकरी नाही म्हणालात, तर मी फोटो कोणाचा पाठवला? आणि मी तुमच्याकडे जेवलोय हे कळलं, तर लोक काय म्हणतील?"

"मग आता हो?"

"आता एकच मार्ग आहे. दौलतशेठ, तुम्ही शेती करा. जमीन तुमची, पीक उभं आहे, फक्त तुम्हीच त्यात नाही. तेवढं जमवा. हंगाम बदलला की मी परत येणार आहे." मग आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, "तेव्हा डबा घेऊन येईन."

परतताना दौलतशेठांनी विचार करून एक गोष्ट पक्की केली. मेहनत दगडूची, तर दिलासाही दगडूचा. त्यांनी गेटपाशी पाकीट त्याच्यापुढे धरलं. दगडूने मागे हात घेतला.

"नको शेठ. मलाबी आले व्हते दोन हजार. गावाकडं दीड एकर हाय ना माझ्या नावावर. भाऊ कसतो." तो ओशाळून हसला. "तेच सांगणार व्हतो तुम्हाला. तिकडंबी पाहणी लागलीय. भावाचा फोन आला, शेतात उभं ऱ्हायला ये म्हणून. आठ दिवस सुट्टी पायजे."

"आणि इथलं? पाणी कोण घालणार?"

दगडूने दौलतशेठांकडे पाहिलं. मग भिंतीवर गुंडाळून ठेवलेल्या पाइपाकडे पाहिलं.

"हे प्रवासखर्चाला ठेव," म्हणत दौलतशेठांनी पाकीट त्याच्या खिशात घातलं. "आणि येताना वांग्याचं बियाणं आण. साहेब हंगाम बघणारेत."

दगडू गेला. पहिल्या दिवशी दौलतशेठांनी इतकं पाणी घातलं की पलीकडच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे टायर भिजले. दुसऱ्या दिवशी सुदेशचा व्हिडिओ कॉल आला आणि सासरे-जावई मिळून वांग्यावरची कीड शोधत बसले. दोघांनाही ती सापडली नाही, पण तासभर कसा गेला कळलं नाही. चौथ्या दिवशी ताडपत्रीखाली मोडलेल्या शेंड्यांच्या शेजारी नवीन फूट आलेली दौलतशेठांना दिसली. ते विमलाबाईंना हात धरून खाली घेऊन आले आणि ती दाखवली. विमलाबाईंनी ती पाहिली, आणि नवऱ्याच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहून म्हणाल्या, "वर येताना पाय धुऊन या."

रविवारी संध्याकाळी दौलतशेठ मेथी उपटून जुड्या बांधत बसले होते. दोरा सुटत होता, जुड्या वाकड्या होत होत्या, पण हाताला मातीचा वास लागला होता आणि त्यांना कुठेही जायची घाई नव्हती. एक गाडी भिंतीपाशी थांबली. काच खाली झाली.

"दादा, मेथी कशी दिली?"

दौलतशेठांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. बाई त्यांनाच विचारत होती.

"ताजी हाय," ते म्हणाले, आणि जरा थांबून, मान ताठ करून पुढे म्हणाले, "आमच्या शेतातली."

"ते दिसतंय हो. पण जुडी कितीला?"

आता आली का पंचाईत! दौलतशेठांनी मान वर करून सातव्या मजल्याकडे पाहिलं आणि सगळ्या हिरवळ हाइट्सला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "विमल! अगं विमल! मेथीची जुडी कशी देतात?"

गॅलरीत विमलाबाई आल्या. त्यांनी खाली गाडी पाहिली, बाई पाहिली, मांडी घालून बसलेला नवरा पाहिला.

"देतात कशी म्हणजे?" त्या वरूनच ओरडल्या. "घरात भाजीचं पान नाय! आधी दोन जुड्या वर आणा!"